आवाजावर लावलेली टिकली

अण्णा गेल्याची बातमी मला बातमी म्हणून आलीच नाही, प्रश्न म्हणून आली. मी निलंग्याच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली उभी राहून माझ्याच पक्षकाराशी भांडत होते, आणि नांदेडहून सुमनवहिनीचा फोन आला. आवाज अगदी रोजचा. "शकू, हे हाका मारल्या तरी बघंनात. चहा गार होऊन राहिला. कानाला लावलेलं काढू का? रागावतील का गं?" माझा भाऊ कामाच्या खोलीत खुर्चीत बसला होता, कानांवर हेडफोन होता, आणि त्याची बायको दारात कप घेऊन मला परवानगी मागत होती. मी म्हटलं, "वहिनी, आधी अंगाला हात लावून बघा." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला... आणि वहिनी म्हणाली, "हासून राहिलेत गं." निलंगा ते नांदेड रस्ताभर मी ते एकच वाक्य उलटंपालटं करत होते. माझ्या भावाच्या चेहऱ्यावर खरंच हसू होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. तो काय ऐकत होता, हे कुणीच विचारलं नाही. तेव्हा सुचलंही नाही.

मी लातूरला वकिली करते. पुरावा समोर आल्याशिवाय मी देवाचंही म्हणणं मान्य करणार नाही, असं अण्णा सगळ्यांना सांगायचा. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला चीड आहे. तेव्हा पुढचं सगळं मी जसं पाहिलं आणि ऐकलं तसंच लिहितेय, पदरचं काही घालत नाही. त्याचा अर्थ लावायला मला सांगू नका.

अण्णा माझ्याहून मोठा. नायगावला असताना त्याने वडिलांचा रेडिओ उघडला आणि मार खाल्ला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. पुढे नांदेडच्या तंत्रनिकेतनात प्रयोगशाळेचं काम बघून रिटायर झाला. माणूस अबोल, पण यंत्रांना बोलतं करायचं त्याला भारी वेड. त्याची मुलगी मुक्ता आठ वर्षांची असताना त्याने ओळखीच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी बोलणारी पेटी केली होती. पेशंटनं नंबर घ्यायचा, बाकावर बसायचं, आणि डॉक्टरांनी बटण दाबलं की पेटी म्हणणार, "सात... आत या." त्या काळी हे अप्रूप होतं, लोक मुद्दाम बघायला यायचे. आवाज मुक्ताचा. स्वयंपाकघरात दारंखिडक्या लावून, चारी बाजूंना गोधड्या टांगून त्याने तिच्याकडून एक ते वीस आकडे म्हणवून घेतले. "आत या"ला ती अडून बसली. "मी 'आत ये' म्हणीन, 'या' कशाला? ते काय पाहुणे हायेत?" अण्णानं समजावलं की आजारी माणसाला अदबीनं बोलवावं. मग म्हणाली, पण म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. त्या काळच्या एका मेमरी चिपमध्ये जेमतेम एवढंच मावायचं, तेव्हा वीस आकड्यांच्या वीस चिपा आणि "आत या"ची एकविसावी; म्हणून "या"च्या पुढचं हसू सुरू होताहोताच तुटलं. दवाखान्यातल्या लोकांना वाटायचं, पेटीला उचकी लागते.

त्या चिपा म्हणजे बोटाएवढे काळे तुकडे, दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय. पाठीवर एक छोटी गोल काच असते, तिच्यातून आतला सोनेरी चौकोन दिसतो. त्या काचेतून ऊन आत गेलं की चिप विसरते, लिहिलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून काचेवर काहीतरी चिकटवून ठेवावं लागतं. अण्णाकडे त्या दिवशी काही चांगलं चिकटणारं नव्हतं, तेव्हा वहिनीनं आपलं टिकल्यांचं पाकीट पुढे केलं. मरून रंगाच्या, मखमली, बरोब्बर काचेएवढ्या. वहिनीनंच एकेक टिकली काढून लावली. हळदीकुंकवाला बायका बसाव्यात तशा त्या चिपा ओळीनं बसलेल्या मला अजून दिसतात. मुक्ता प्रत्येकीला नाव ठेवत होती, सातवी नकटी आहे म्हणत होती.

पुढच्याच वर्षी मुक्ता तापानं गेली.

डॉक्टरांनी पेटी बंद करायला घेतली होती. अण्णा त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला, चालू राहू द्या म्हणाला. हे मला माहीत नव्हतं. मी पुढे एकदा कामासाठी नांदेडला गेले, अंगात कणकण होती, म्हणून सहज त्या दवाखान्यात शिरले. भरदुपारी बाकं भरलेली, पोरं रडतायत, कुणी डबा उघडून बसलंय. आणि भिंतीवरून माझी भाची म्हणाली, "बारा... आत या." माझ्या हातातली पर्स खाली पडली. एक म्हातारा उठला, चप्पल घालून निवांत आत गेला. कुणाला काही वाटलंच नाही. मी आजूबाजूला बघितलं, तर कोपऱ्यातल्या बाकावर अण्णा बसलेला. त्याच्या हातात नंबर नव्हता, त्याला काही झालेलंही नव्हतं. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा पेटीकडे कान लावला. मी ताप घेऊन तशीच परत फिरले.

वहिनी त्या दवाखान्याची पायरी पुन्हा कधी चढली नाही. शेजारीण सांगायची, अगं, तुझी मुक्ता अजून किती गोड बोलते, की वहिनी ताडकन उठून आत जायची. एकदाच माझ्यासमोर अण्णाला म्हणाली, "तुम्ही पोरगी ठेवलीय का तिथं, का कंपाउंडर?" दोघं एका घरात राहिली, एका ताटात जेवली म्हणा ना, पण लेकीच्या आवाजावरून त्यांचं कधी जुळलं नाही. तो ऐकल्याशिवाय जगू शकत नव्हता आणि ती ऐकून जगू शकली नसती. मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, आणि पेटी घरी आली. तिच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या, आतलं सगळं जळालेलं, पण चिपा टिकल्यांसकट शाबूत. त्या वाचायला अण्णानं स्वतःच एक यंत्र बनवलं. एक निळा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे तळहातावर मावेल अशा संगणकाचा बोर्ड, त्यावर चिप बसवायचं सॉकेट, ती घट्ट धरायला बारीकसा खटका, आणि वीज कमीजास्त करायचं एक बटण. ह्या उद्योगात त्याला जोडीदार मोईनभाई. त्यांच्या घरात तीन पिढ्या नांदेडला घड्याळं, रेडिओ, टेप दुरुस्त करायचं काम आहे. दोघं मिळून नांदेडची न् लातूरची भंगाराची दुकानं पालथी घालायचे आणि जुन्या यंत्रांतल्या चिपा आणून वाचत बसायचे. लातूरला आले की मुक्काम माझ्याकडे. माझ्या जेवणाच्या टेबलावर भंगार मांडून बसलेले हे दोन म्हातारे बघून माझे अशील घाबरायचे.

अशीच एक चिप होती, लातूरच्या एका कापड दुकानाच्या पाटीतली. दिव्यांची अक्षरं सरकायची ना, तसली पाटी. अण्णानं ती वाचली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपके जमून हळूहळू अक्षरं उभी राहिली... लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडेच या. ते दुकान कधीच पाडलं होतं, मालकही गेला होता. अण्णा म्हणाला, "बघ शकू, अजून गिऱ्हाईक बोलवून राहिली. हिला कुणी सांगितलंच न्हाई." मी म्हटलं, "फेक ती घराबाहेर." तो हसला. प्रत्येक चिप तो दोनदा वाचायचा आणि दोन्ही वाचनं ताडून बघायचा. फरक पडला की म्हणायचा, ही विसरायला लागली. मग विजेचं बटण थोडं खाली आणायचा आणि पुन्हा वाचायचा. गंमत अशी की वीज कमी दिली की पुसट झालेलं कधी कधी परत यायचं. "जोरात विचारलं की घाबरते," म्हणायचा, "हळू विचारलं की आठवतं तिला." साक्षीदारांचंही असंच असतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

पण मुक्ताच्या चिपांना त्याने हात लावला नव्हता. शेवटचा आला तेव्हा मी चिडले. "काय रे, गावभरच्या मेलेल्या यंत्रांना बोलवतोस, आणि स्वतःच्या पोरीची चिप तेवढी ठेवून दिलीस?" तो आंबा चोखत होता. हात पुसून म्हणाला, "उलटी बसली तर जळती शकू. एकदाच जळती." मी म्हटलं, एवढी सवय झालीय, उलटी कशी बसेल? तेव्हा म्हणाला, "आणि वाचून झालं की मग मी कशाची वाट बघू..." जाताना जिन्यात थांबला, म्हणाला, "ह्या आठवड्यात वाचतो. वाचलं की फोन करतो तुला." फोन आला, पण तो वहिनीचा.

दिवसकार्यासाठी मी नांदेडलाच राहिले. गेल्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शकू, मला आता ऐकायचंय तिला." मला वाटलं, चुकून ऐकलं. "इतकी वर्षं ते ऐकायचे, न्हाईतर ऐकायची वाट बघायचे, म्हणून माझं भागायचं," ती म्हणाली, "आता ऐकणारं कोण हाय? तेराव्यानंतर मोईनभाईला बोलव." तिने एवढं मागितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. मी कामाच्या खोलीत डोकावले, काळ्या स्पंजवर टिकल्या लावलेल्या चिपा ओळीनं होत्या, आणि मी दार ओढून घेतलं.

आता मावशीचं सांगायला हवं. बिलोलीची गोदामावशी, आमच्या आईची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात विधवा झाली, तेव्हापासून कुणाच्याही घरी मयत झालं की ही पदर खोचून कामाला हजर. आल्या आल्या तिने वहिनीच्या कपाळाकडे बघितलं. मी तिथेच सांगून टाकलं, वहिनीच्या टिकलीला, मंगळसूत्राला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे. कोर्टात बोलते त्या आवाजात सांगितलं. मावशी म्हणाली, "न्हाई बाई, तू वकील, तुझ्यापुढं म्या काय बोलू?" आणि गप बसली. मला वाटलं, जिंकले. दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर गेलो. मावशी घर धुवायला मागे राहिली. परत आलो तर घर लख्ख. पण आरशावरच्या टिकल्या गेल्या होत्या. न्हाणीघरातल्या फरशीवरच्या, फ्रिजच्या दारावरच्या, कपाटाच्या आतल्या, बायका कुठं कुठं चिकटवून ठेवतात त्या सगळ्या टिकल्या मावशीनं नखानं खरवडून काढल्या होत्या. कपाळावरची मी तिला काढू दिली नाही, तर तिनं घराची काढली. मला ते लागलं, पण म्हटलं जाऊ दे, म्हातारीचं तेवढं समाधान.

तेरावा झाला, मोईनभाई आले. खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. "बहेन, चिपांचा ट्रे कुठंय?" मावशी कौतुकानं म्हणाली, "वर गच्चीवर हाय की. खोलीत लई वल होती, म्हणून म्या समदं उनात ठिवलंय." मोईनभाई त्या वयात दोन दोन पायऱ्या चढत गेले. मी मागे. नांदेडचं वैशाखातलं ऊन म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. कठड्यावर ट्रे होता. चिपा पाय खाली, काचा वर अशा होत्या, आणि एकीवरही टिकली नव्हती. सगळ्यांच्या आतले सोनेरी चौकोन लखलखत होते. दहाव्यापासून त्या तशाच उन्हाकडे बघत पडल्या होत्या. मोईनभाईंनी खिशातला रुमाल काढून त्यांच्यावर टाकला, मेलेल्या माणसावर टाकतात तसा, आणि खाली बसले.

मी मावशीवर किती ओरडले ते लिहीत नाही. तिला कळेचना. शेवटी कळलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. "पोरीचा आवाज व्हता व्हय त्यात? मला कुणी सांगितलंच न्हाई गं..." आणि ती जी रडायला लागली, ती थांबेना. वहिनीनंच तिला जवळ घेतलं. वहिनी तेव्हाही रडली नाही. मोईनभाईंना एवढंच म्हणाली, "काही उरलंय का बघा."

आम्ही अण्णाच्या खोलीत बसलो. भर सकाळ, खिडकीतून रिक्षांचे आवाज. खोलीत सगळं धुतलेलं होतं, पण वायरींना वीज असते म्हणून मावशीनं ते यंत्र आणि समोरची खुर्ची तेवढी सोडली होती. सॉकेटमध्ये अण्णाची कुठलीशी चिप अडकलेली होती, धुळीसाठी अण्णा घालायचा तसं वरून फडकं झाकलेलं. मोईनभाईंनी खटका उचलून ती फडक्यासकट बाजूला ठेवली आणि पहिली चिप बसवली. हेडफोनऐवजी छोटा स्पीकर जोडला. "एक" असायला हवा होता. नुसती सरसर आली, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. दुसरी तशीच. पाचवी, सहावी, नुसती शांतता. मोईनभाई विजेचं बटण हळूहळू खाली आणत होते, पुन्हा वाचत होते, आणखी खाली आणत होते. एका चिपेच्या वेळी त्या सरसरीच्या मागे काहीतरी हललं. श्वास घेतल्यासारखं... आणि मग एक आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा. मोईनभाई म्हणाले, "तीन हाय." मला वाटलं सात. आम्ही दोघं वहिनीकडे बघायला लागलो. ती मान हलवून म्हणाली, "न्हाई. ही मुक्ता न्हाई. ही कोण हाय मला माहीत न्हाई. बंद करा."

वीसही आकडे गेले होते. मोईनभाई चष्मा काढून डोळे पुसत होते, म्हणत होते, "भाभी, मी आधी यायला पायजे होतं." आपल्या वहिनीनं आयुष्यात एक गोष्ट मागावी आणि ती आपल्या डोळ्यांदेखत उन्हात वाळून जावी, याचा संताप कुणावर काढायचा? वहिनी उठली. टेबल आवरायची तिची सवय, म्हणून ते बाजूला ठेवलेलं फडकं झटकायला उचललं, आणि त्यातली चिप तिच्या तळहातावर पडली. ती तशीच थांबली.

"ही माझी टिकली हाय," वहिनी म्हणाली.

मरून, मखमली, कडेला उडालेली. भंगारातल्या चिपांवर कंपनीचे चकचकीत कागद असत, टिकली फक्त मुक्ताच्या. मोईनभाईंनी ट्रेमधली मोकळी जागा बोटानं दाखवली. शेवटचं घर. गेला त्या दिवशी अण्णानं अखेर हात लावला होता, आणि आकडे सोडून आधी हीच लावली होती. दहाव्याला सगळं घर धुतलं गेलं तेव्हा ही फडक्याखाली, अंधारात बसली होती. मोईनभाईंनी चिपेचे पाय दोनदा तपासले, मग बसवली, खटका दाबला.

"आत या."

इतकं स्वच्छ, की मी दाराकडे बघितलं. मोईनभाईंनीही बघितलं. आणि मग ते तुटलेलं हसू, सुरू होताहोता थांबलेलं. यंत्र तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलं, कारण अण्णानं ते तसंच लावून ठेवलं होतं. आत या... आत या... आत या. समोर त्याची रिकामी खुर्ची. तो काय ऐकत गेला, हा प्रश्न आता विचारायचा राहिला नव्हता. मी पुरावा मागणारी बाई, पुरावा समोर बोलत होता आणि मला तो बंद करावासा वाटत होता. वहिनी मात्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती. तीस वर्षांचं सगळं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि मग ती रडली, मोठ्यानं, लेकीचं नाव घेऊन.

चिप काढताना जुना डिंक सुटला आणि टिकली खाली पडली. काच उघडी झाली, खिडकीतलं ऊन नेमकं तिच्यावर. मोईनभाई काही चिकटवायला शोधू लागले. वहिनीनं वाट बघितली नाही. तिनं स्वतःच्या कपाळाची टिकली काढली आणि त्या काचेवर लावून अंगठ्यानं दाबून धरली. ज्या टिकलीसाठी मी सगळ्या नातेवाइकांशी भांडले होते, ती तिनं अशी काढून दिली, आणि मावशी दारातून बघत होती.

ती चिप आता वहिनीच्या पितळी कुंकवाच्या करंड्यात असते. करंडा कपाटात, कपाट बंद. वहिनी कपाळाला पुन्हा टिकली लावते, रोज लावते. परवा मी गेले तेव्हा न राहवून विचारलं, पुन्हा ऐकलंत का? ती म्हणाली, हो, गुरुवारी मोईनभाई येऊन लावून देतात, तेव्हा ऐकते. मी घाबरून तिचा हात धरला. एवढं सगळं बघून मला खरोखर भीती वाटते, ते हसू आणि ती खुर्ची डोळ्यांपुढून जात नाही. वहिनीला ते कळलं. माझा हात थोपटून म्हणाली, "येडी का काय तू? नुसतं 'आत या' म्हणती ती. आकडे सगळे पुसले की. माझा नंबर पुकारणार कोण?" आणि चहा टाकायला आत गेली.